एका पेटीवर दोघी

९ मार्च

प्रिय आत्या,

आधी मला एक धपाटा घाल आणि मग पुढे वाच. नोकरी लागून इतके दिवस झाले तरी तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण आज राहवत नाही. आजपासून तुझा आवाज माझ्या ताब्यात आहे!

ग्रंथालयात तू अंधांसाठी अर्धं आयुष्य जी पुस्तकं वाचून ठेवलीस, ती सगळी आम्ही कॅसेटवरून उतरवून नव्या यंत्रांवर घेतली. ती दमट, आंबूस वासाची कॅसेटची खोली आठवते ना? तिथल्या किती कॅसेट नुसत्या खरखरत होत्या. आता त्या सगळ्या भंगारात जाणार, खोली रंगवून तिथे वाचकांसाठी नवा ध्वनिमुद्रणाचा कक्ष होणार.

नवी व्यवस्था सांगते. दोन सर्व्हर आहेत आणि डिस्कची एकच पेटी आहे. पुस्तकं पेटीत, आणि दोन्ही सर्व्हरच्या तारा त्या पेटीला जोडलेल्या. एरवी काम पहिला करतो. काकांसारख्या ऐकणाऱ्यांच्या फोनवर पुस्तक पोचवतो, नवं वाचन पेटीत ठेवतो. दुसरा नुसता जागा असतो आणि एका वेगळ्या तारेवरून सारखा विचारत राहतो, "आहेस ना?" पहिला म्हणतो, "आहे." उत्तर आलं नाही, की दुसरा आधी पहिल्याची वीज तोडतो आणि मग पेटी स्वतःच्या हातात घेतो. वीज तोडायची का? तर पहिला मेलेला नसून नुसता गुंगलेला असेल, आणि मध्येच जागा होऊन लिहायला लागला, तर एकाच जागी दोघं लिहितील. मग सत्यानाश. म्हणून आधी वीज, मग पेटी.

उद्घाटनाला सचिवबाईंनी मला बोलायला उभं केलं. मी म्हणाले, "आता इथून एकही आवाज हरवणार नाही." टाळ्या झाल्या. आपल्या घरातली पहिली पदवी भिंतीला टांगायला नव्हती घेतली, असं आज पहिल्यांदा वाटलं.

बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत, "आमची पोरगी सर्व्हर सांभाळते." परवा गॅरेजमध्ये त्यांच्या मित्राने विचारलं, "दूध किती देतो?"

तुझी तपासणी झाली का? काकांना नमस्कार.

तुझी,
भिंगरी

१८ मार्च

भिंगरे,

धपाटा घातला. आता ऐक.

तू फोनवर निरोप पाठवत जा म्हणतेस दर वेळी, पण या घरातला फोन तुझ्या काकांचा आहे आणि तो आलेला प्रत्येक निरोप मोठ्याने वाचून दाखवतो. तू काही खासगी लिहिलंस तर ते शेजारच्यांनाही कळेल. कागद बरा. घरात ह्यांना न कळणारी एवढी एकच गोष्ट उरली आहे, ती मला ठेवू दे.

तुझ्या यंत्रांचं सगळं समजलं. दोन जावा आणि एक स्वयंपाकघर. थोरली रांधते, धाकटी उंबऱ्यात उभी राहून "आहात ना?" विचारते, आणि उत्तर नाही आलं की थोरलीला खोलीत घालून बाहेरून कडी लावते, मग चुलीपाशी जाते. रीत कडक आहे, पण जावाजावांत अशीच हवी. मी तर आता त्यांना थोरली-धाकटीच म्हणणार.

इकडचं म्हणशील, तर आमचं बरं चाललंय. घशाच्या ऑपरेशननंतर माझा आवाज गेला, ह्यांना लहानपणापासून दिसत नाही. म्हणजे मी बोलू शकत नाही आणि लिहिलेलं हे वाचू शकत नाहीत. लोक हळहळतात. आम्ही तळहातावर भागवतो. मी बोटाने अक्षर काढते, हे मोठ्याने म्हणतात. "मी-ठ सं-प-लं." भांडायचं असेल तर मात्र पंचाईत. मी अर्ध्या वाक्यात असते आणि हे मूठ मिटून घेतात.

पण संध्याकाळी सहा वाजले की माझा आवाज घरात असतो. ह्यांनी तुमच्या ग्रंथालयातून मी वाचलेली कादंबरी लावलेली असते, ती होडी बांधणाऱ्या म्हाताऱ्याची. किती वेळा ऐकली असेल. मध्येच "थांब, हे परत वाच" म्हणतात, फोन थांबत नाही, आणि चिडतात माझ्यावर! मी शेजारी बसून भाजी निवडते. तेवढा वेळ आम्ही दोघं पूर्वीसारखी असतो.

तपासणी झाली. सगळं ठीक आहे.

तुझ्या बापाला सांग, दूध नाही देत, पण लाथ मारतो का ते बघून ठेव.

आत्या

४ मे

प्रिय आत्या,

लाथ मारली. थोरलीने नाही, धाकटीने.

आमच्याकडे एक नवे वाचक येतात, निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. बायको गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून इथे येतात. आवाज कापरा आहे, पण वाचतात जीव ओतून. समुद्रप्रवासाचं एक जाडजूड पुस्तक त्यांनी घेतलंय. त्या दिवशी ते वाचत होते आणि आम्ही उरलेल्या कॅसेटही उतरवत होतो. थोरलीवर कामाचा ढीग पडला, तिला "आहे" म्हणायला जरा उशीर झाला. झालं. धाकटीने तिची वीज तोडली. मास्तरांचं सकाळपासूनचं वाचन पेटीत पोचायच्या आत गेलं.

पुढच्याच आठवड्यात पुन्हा तसंच. पुन्हा मास्तर. या वेळी ते उठून माझ्या टेबलापाशी आले, चष्मा पुसत म्हणाले, "मुली, खरं सांग. माझं वाचन चांगलं नाही म्हणून पुसतेस का? तसं असेल तर मला सरळ सांग, मी यायचा थांबतो."

आत्या, मला इतकं वाईट वाटलं! मी त्यांना जावांची गोष्ट सांगितली, ते हसले, पण डोळे हसले नाहीत. ते गेल्यावर मी धाकटीचं ते वीज तोडणं बंद करून ठेवलं. थोरलीची मेमरी वाढवायला सांगितली आहे, ती आली की पुन्हा चालू करीन. तोवर थोरली नुसती दमलेली असताना तिला कुणी कोंडणार नाही.

पेटीची दुसरी प्रत ठेवायला अजून एक पेटी हवी, असं मी सचिवबाईंना लेखी दिलं. दोन सर्व्हर असले तरी पेटी एकच आहे ना! बाई म्हणाल्या, "अगं, एकाला दोन केले, आता दोनाला तीन? पुढच्या वर्षी बघू." उतरवून झालेल्या कॅसेट तरी वर्षभर ठेवू या म्हटलं, तर भंगारवाल्याचा टेम्पो त्या आधीच घेऊन गेला होता. पण मी सोडणार नाही, पाठपुरावा करीन.

मास्तर काल आले होते. अख्खं प्रकरण वाचून झालं, काही तुटलं नाही. जाताना मला म्हणाले, "आज झोप लागेल."

तुझी,
भिंगरी

१६ मे

भिंगरे,

मास्तरांसाठी केलंस ते चांगलं केलंस. यंत्रापेक्षा माणूस बघितलास. मीही तेच केलं असतं.

आता एक सांगते, ते वाचून पत्र फाडून टाक आणि तुझ्या बापाला यातलं काही कळू देऊ नकोस. तो गाडी काढून इथे येईल आणि रडत बसेल, आणि ह्यांना रडणं लगेच ऐकू येतं.

मार्चमध्ये मी तुला सगळं ठीक आहे लिहिलं, ते खोटं होतं. घशात पुन्हा आलंय. डॉक्टर चांगला मुलगा आहे, फाईलकडे बघत बोलत होता. या वेळी कापणार नाहीत. कापून उपयोग नाही, असं त्याने बऱ्याच गोड शब्दांत सांगितलं. वेळ आहे, पण फार नाही.

ह्यांना मी तळहातावर लिहिलं, "डॉ-क्ट-र म्ह-णा-ले छा-न." ह्यांनी माझं बोट जरा जास्त वेळ धरून ठेवलं, बस.

भिंगरे, मला मरायचं भय फारसं वाटत नाही, खोटं कशाला बोलू. मला भय आहे ते ह्यांच्या सहा वाजताचं. बाकी सगळं ह्यांना येतं. चहा करतात, बटणं लावतात, दुकानात जातात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेला माणूस, समोरच्याने "हॅलो" म्हणायच्या आधी श्वासावरून ओळखायचे कोण आहे ते. मी गेल्यावर ह्यांच्याजवळ माझा फोटो ठेवून काय उपयोग? आवाज तेवढा राहिला पाहिजे. घरात आम्ही कधी काही टेप करून ठेवलं नाही. शेजारी बसलेल्या बायकोला कोण टेप करतं? जे आहे ते तुझ्या पेटीत आहे.

तू तिथे आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. एवढंच सांगायचं होतं.

आत्या

११ जून

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. ग्रंथालयात सध्या रंगकाम चालू असल्यामुळे यंत्रांच्या दुरुस्तीचं काम निघालं आहे. त्यामुळे ऐकण्याची सेवा काही दिवस बंद राहील. काकांना कृपया तसं सांग. काळजीचं कारण नाही. सेवा सुरू झाली की लगेच कळवते.

तू औषधं वेळेवर घे.

तुझी,
भिंगरी

१९ जून

भिंगरे,

तुझं हे पत्र आहे की ग्रंथालयाची नोटीस? "कृपया"? मला?

हे रोज सहाला फोन लावतात. एक पोरगी गोड आवाजात सांगते, "सेवा तात्पुरती बंद आहे, क्षमस्व." हे तिचं ऐकून घेतात, "बरं बाई" म्हणतात आणि ठेवतात. मग खुर्चीत तसेच बसून राहतात. पहिल्या दिवशी मी हातावर लिहिलं, "रं-ग-का-म." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहिलं. आता हे हात पुढे करतच नाहीत.

मी गेल्या पत्रात तुला माझं मरण लिहून कळवलं, आणि तू त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीस. औषधं घे म्हणतेस. तू अशी नाहीस. तू तर सर्दीलासुद्धा दोन पानं लिहितेस. म्हणजे त्याहून मोठं काहीतरी तुझ्या छातीवर बसलंय.

सरळ विचारते. माझी पुस्तकं आहेत की गेली?

आत्या

२८ जून

प्रिय आत्या,

गेली.

हा एक शब्द लिहायला मला नऊ दिवस लागले. आता सगळं सांगते, तुला ते कळायचा हक्क आहे.

रंगारी कॅसेटच्या रिकाम्या खोलीत काम करत होता. सर्व्हरची खोली भिंतीपलीकडे आहे. दुपारी मी जेवायला गेले असताना त्याने पंख्याची हवा यावी म्हणून शिडी सर्व्हरच्या खोलीच्या दारात ओढली. शिडीचा पाय एका तारेत अडकला. नेमकी तीच तार, जिच्यावरून दोघी एकमेकींना हाक मारतात. त्याने ती ओढून बाजूला सरकवली, आणि ती खाचेतून निसटली. त्याचा काही दोष नाही, तिथे झाकण असायला हवं होतं.

धाकटीने विचारलं, "आहात ना?" उत्तर नाही. थोरली मात्र ठणठणीत होती, मास्तरांचं वाचन आणि शेवटच्या कॅसेट पेटीत ठेवत होती. धाकटीने एरवी तिची वीज तोडली असती. ते मी बंद करून ठेवलं होतं. त्यामुळे ती सरळ आत शिरली.

दोघींना वाटलं दुसरी मेली. दोघींकडे पेटीत काय कुठे आहे याचा आपापला नकाशा होता. थोरलीने जिथे ठेवलं ती जागा धाकटीला रिकामी दिसली, तिने त्यावर लिहिलं. मग गोंधळ दिसल्यावर दोघींनी एकाच वेळी आवराआवर काढली. एकीने ठेवलेलं दुसरीला कचरा वाटला, तिने ते झाडलं. मी जेवून परत आले तर दोन्ही सर्व्हरवर हिरवे दिवे लागलेले. मला बरं वाटलं, आत्या. दोन्ही चालू आहेत म्हणून मी खुशीत खुर्चीवर बसले. कुणीतरी फोन करून सांगितलं, पुस्तक लावलं तर मध्येच दुसरंच कुणी बोलतंय, तेव्हा कळलं. मी वीज तोडेपर्यंत पेटीत नावालाही काही शिल्लक नव्हतं.

थोरलीची ती मेमरी आली होती. माझ्या खणात आठवडाभर पडून होती. मी बसवणार होते.

सचिवबाई ओरडल्या नाहीत. नुसतं विचारत राहिल्या, "पण दोन होती ना? दोन असून असं कसं?" आता पेटी बाहेरच्या लोकांकडे पाठवली आहे, बिघडलेल्या डिस्कमधून मिळेल ते काढून देतात. त्यांनी आधीच बजावलंय, डिस्क मोडली असती तर बरं होतं, मोडलेलं जुळवता येतं. हे दोन हातांनी नीट पुसलेलं आहे.

तुझ्या दुखण्याबद्दल लिहायला मी बसले होते, आत्या. प्रत्येक वेळी पुढे हेच वाक्य येत होतं आणि मी कागद फाडत होते.

मला काही म्हण. पण लिही.

भिंगरी

९ जुलै

भिंगरे,

मी रागावले आहे. तळहातावर एवढा राग मावत नाही, म्हणून कागदावर लिहिते.

तुझ्यावर रागावले आहे, कारण तुला सगळं ठाऊक होतं. अडाण्याने केलं असतं तर मी गप्प बसले असते. सत्यानाश होईल हे तूच मला पहिल्या पत्रात समजावून सांगितलंस, आणि तूच ते बंद केलंस. एका म्हाताऱ्याचे डोळे ओले झाले म्हणून. आणि मी मूर्खासारखी तुला शाबासकी लिहिली. ते वाक्य माझं मला परत कर.

हे लिहून झालं आणि राग संपला. माझ्याकडे आता फार वेळ रागवायला दमच नाही. दुपारी पडून असते. ह्यांना वाटतं उकाड्याने.

ह्यांना सांगितलेलं नाही. परवा मी हातावर लिहायला गेले, "पु-स्त-कं." ह्यांनी मधेच थांबवलं. म्हणाले, "अगं, मला यंत्र कशाला हवं? तू माझ्या डोक्यात आहेस. मी तिथे लावतो आणि ऐकतो." मग मला ऐकवूनही दाखवलं. मी एकदा स्टेशनवर काय म्हणाले होते, ह्यांची चप्पल तुटली तेव्हा काय म्हणाले होते. भिंगरे, स्टेशनवर मी तसं बोललेच नव्हते. ह्यांनी माझं वाक्य जरा गोड करून घेतलंय. आणि म्हणताना आवाज काढतात तो कुणाचा आहे, देव जाणे. जाड, संथ. मी चिवचिव बोलायचे, तुझा बाप मला चिडवायचा. मी दुरुस्त करायला बोट टेकवलं, आणि काय लिहिणार? आवाज कसा होता हे हातावर कसं लिहितात?

ते लोक जे काढून देतील त्यात शोध. एक पान मिळालं तरी चालेल. कुठल्याही पुस्तकाचं. पण लवकर बघ.

आत्या

३० ऑगस्ट

प्रिय आत्या,

त्यांनी जे मिळालं ते पाठवलं. नाव नाही, क्रम नाही, नुसते तुकडे. कित्येक तर एका श्वासाएवढे. रोज ऑफिसात आल्यापासून जाईपर्यंत मी कानाला हेडफोन लावून बसते. मास्तर मदतीला येतात. धाकटीने वीज का तोडली नाही, हे त्यांना मी सांगितलेलं नाही, पण कुणीतरी सांगितलेलं असावं. ते माझ्याकडे न बघता बसतात आणि माझ्या आधी येतात.

तुझा आवाज सापडतो. तेच तर वाईट आहे. "आणि म्हाताऱ्याने" एवढं सापडतं, पुढे दुसरीच बाई पाककृती वाचत असते. होडीच्या कादंबरीचं एक अख्खं वाक्यही नाही. जिथे तुझी पुस्तकं होती तिथेच त्या दुपारी नवं वाचन लिहिलं गेलं. म्हणजे मास्तरांचं.

लांब असा एकच तुकडा मिळाला. तू अगदी सुरुवातीला वाचलेलं, फळझाडांच्या छाटणीचं पुस्तक. आठवतं का? मला वाटतं तुझं पहिलंच असेल. शब्द मोजूनमापून वाचतेस, प्रत्येक वाक्यानंतर थांबतेस. साधारण दोन पानं आहेत. मध्ये दोनदा मास्तर घुसतात, "शिडं उतरवा" म्हणतात आणि जातात. मी ते कापून काढणार होते, पण कापलं की तुझे शब्दही थोडे जातात. म्हणून तसंच ठेवलं. छोट्या प्लेअरमध्ये घालून सोबत पाठवते. हिरवं बटण दाबायचं.

नोकरी आहे. मी राजीनामा दिला होता, सचिवबाई म्हणाल्या, "तू गेलीस तर हे तुकडे कोण ऐकणार?" काल कार्यकारिणीची बैठक झाली. झालेल्या नुकसानाचा गांभीर्याने विचार करून तिसरा सर्व्हर घ्यायचं ठरलं. मी उठून म्हणाले, "पेटी एकच आहे हो. त्याच पेटीला तिसरा जोडून काय होणार?" एक सभासद म्हणाले, "तिघांपैकी एक तरी चालेल ना!" ठराव मंजूर झाला.

मी शोधते आहे अजून. तुझ्या दुखण्याचं बाबांना मी सांगितलं नाही. तू कधी सांगणार?

तुझी,
भिंगरी

१५ सप्टेंबर

भिंगरे,

प्लेअर मिळाला. तो मी दोन दिवस उशीखाली ठेवला, लावायची छाती होत नव्हती. काल लावला.

दुपारची वेळ होती. हे खिडकीपाशी बसून बुटांना पॉलिश करत होते. मी टेबलावर प्लेअर ठेवला आणि बटण दाबलं. "छाटणीपूर्वी फांदी नीट पाहून घ्यावी." मीच. किती चिरका, किती भित्रा आवाज गं!

ह्यांचा ब्रश थांबला. मान तिरकी करून अख्खं ऐकलं. मास्तर मध्ये आले तेव्हा हसले नाहीत. संपलं तेव्हा मला वाटलं आता हात पुढे करतील, माझं तोंड चाचपतील. मी जवळ जाऊन उभीच राहिले होते.

हे म्हणाले, "छान वाचते ही बाई. जरा घाबरते, पण शब्द स्वच्छ आहेत. नवी आलीय का ग्रंथालयात?"

चेष्टा करत असतील म्हणून मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. चेष्टा करताना ह्यांची डावी भुवई वर जाते. गेली नाही. नुसते उत्तरासाठी थांबले होते, तळहात उघडा ठेवून, त्यावर काळं पॉलिश लागलेलं.

तुझी चूक नाही. माझा आवाज मागच्या वर्षीचा असता तर ओळखला असता. हा फार जुना आहे, आणि ह्यांनी डोक्यात लावून लावून जो केलाय, तो आता दुसराच आहे. दोन्हींत माझा कुठला हे सांगायला मीच उरले आहे आणि मला बोलता येत नाही. बोट टेकवलं होतं. "मी" लिहायला एकच अक्षर लागतं. पण ते लिहिलं असतं तर ह्यांना कळलं असतं की आपण ओळखलं नाही. ते घेऊन ह्यांना पुढची सगळी वर्षं काढावी लागली असती.

मी लिहिलं, "हो. न-वी."

"भिंगरीला कळव," म्हणाले, "तिला म्हणावं, घाबरू नको, वाचत जा. पुढचं पान कधी वाचणार विचार."

तुझ्या बापाला या रविवारी ये म्हणून सांग. उशीर करू नको म्हणावं. बाकीचे तुकडे आता शोधू नकोस. मास्तरांनाही घरी पाठव.

आज सकाळी चहा पिताना ह्यांनी पुन्हा विचारलं, त्या नव्या बाईचं काय झालं. उद्याही विचारतील. मी नसेन तेव्हा तुला विचारतील. काय सांगायचं ते तू ठरवून ठेव.

आत्या